टायमिंग चेनचे पार्ट घ्यायला जाण्याआधी: १.३ मल्टिजेट समोर ठेवून

‘स्विफ्ट डिझेलची टायमिंग चेन द्या’ एवढंच सांगून पुण्याच्या नाना पेठेतल्या काउंटरवर उभं राहिलं, तर दोन मिनिटांत एक डबा हातात पडतो. टायमिंग चेन म्हणजे इंजिनातली अशी साखळी, जी खालच्या क्रँकच्या फिरण्यावर वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते. असे डबे घेऊन आलेली माणसं माझ्या गॅरेजमध्ये नेहमी येतात, आणि बऱ्याच जणांना मला पुन्हा दुकानात पाठवावं लागतं. कधी डब्यातली चेन दुसऱ्याच इंजिनची निघते. कधी चेन बरोबर असते, पण तिला घट्ट धरणारा टेन्शनर आणलेलाच नसतो. कधी सगळं असतं, फक्त बोल्ट आणि सील नसतं आणि इंजिन उघडं पडलेलं असतं. चेनचं काम एकदा उघडलं की दिवस जातो, पैसे जातात आणि चूक झाली तर इंजिनही जातं. म्हणून खरेदीची तयारी घरून निघतानाच झालेली असावी.

सगळ्या इंजिनांबद्दल एकदम लिहिण्यापेक्षा मी एकच इंजिन समोर ठेवतो. ते म्हणजे फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल, १२४८ सीसी. हे इंजिन २००३ मध्ये युरोपात आलं. आपल्याकडे २००७ मध्ये डिझेल स्विफ्टमधून ते रस्त्यावर उतरलं, आणि मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, टाटाची इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, फियाटची लिनिया, पुंतो अशा किती गाड्यांत गेलं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी क्वाड्राजेट. मानेसरला ते बनत होतं आणि आपल्या पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातही बनत होतं. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने ते बंद केलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली यातली बहुतेक इंजिनं चेन तपासायच्या वयाला आलेली आहेत. पद्धत एकदा कळली की के-सिरीज पेट्रोल असो, ह्युंदाईचं कप्पा असो की महिंद्राचं एमहॉक, तीच लागू पडते.

आधी एक खुलासा. तुमच्या गाडीत चेन आहे की बेल्ट, हे नक्की करा. अल्टो ८०० मध्ये बेल्ट आहे, अल्टो के१० मध्ये चेन. डस्टरच्या १.५ डिझेलमध्ये बेल्ट आहे. बेल्टला ठरलेलं किलोमीटरचं आयुष्य असतं, ते संपलं की आवाज असो-नसो बदलायचा. चेनचं तसं नाही. तिची तब्येत तेलावर चालते, म्हणून एकाची चेन तीन लाखांवर शांत असते आणि दुसऱ्याची एक लाखाच्या आत खडखडते.

चेन ‘ताणली’ म्हणजे काय

गॅरेजमध्ये आपण म्हणतो, चेन ताणली. खरं तर लोखंडी पट्ट्या रबरासारख्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन बुशमध्ये फिरते आणि तिथे दोन्ही झिजतात. समजा चेनला १३० सांधे आहेत आणि दोन सांध्यांतलं अंतर ८ मिलिमीटर आहे. नवी असताना तिचा वेढा १०४० मिलिमीटर. प्रत्येक सांध्यात फक्त दोन शतांश मिलिमीटर झीज झाली, म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी, तरी सगळे सांधे मिळून चेन २.६ मिलिमीटर लांब होते. ही जास्तीची लांबी टेन्शनर आपला दांडा पुढे ढकलून खातो. दांडा संपला की ढिलाई उरते, चेन फडफडते, आणि एक दिवस दात सोडते.

दात सोडणं किती महाग पडतं तेही बघा. कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चक्राला, ४० दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर व्हॉल्व्हला जागा फारच कमी उरते. व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतो. मल्टिजेटमध्ये अशा वेळी बऱ्याचदा रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे, तुटतात, आणि तेवढ्यावर भागलं तर सुटलो म्हणायचं, कारण पुढचा खर्च व्हॉल्व्ह, हेड आणि पिस्टनचा असतो.

डिझेलच्या तेलात काजळी मिसळते. ही काजळी पिन आणि बुशच्या मध्ये जाऊन पॉलिश पेपरसारखी घासते. शिवाय मल्टिजेटच्या चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, तेल मावतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास. त्यातलं एक लिटर उडालं आणि डिपस्टिक कुणी बघितलीच नाही, तर एक तृतीयांश तेल गेलं. हा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. दाब कमी, तर टेन्शनर ढिला. माझ्याकडे आलेल्या खराब चेनमागे बहुतेक वेळा लांबलेली ऑईल सर्व्हिस किंवा कमी पडलेलं तेलच सापडलं आहे. म्हणून नव्या पार्टची निवड करताना तेलाला मी पार्टच धरतो.

आवाज खरंच चेनचा आहे का

पार्ट घेण्याआधी ही खात्री करा, नाहीतर चांगली चेन काढून नवी बसवाल आणि आवाज तसाच राहील.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू करा. बॉनेट उघडा, दुसऱ्या कुणाला चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही पुलीच्या बाजूला कान द्या. सुरू होताच दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट येऊन मग थांबत असेल, तर तेलाचा दाब येईपर्यंत चेन ढिली राहते आहे. आवाज थांबतच नसेल आणि ॲक्सिलरेटर सोडताना वाढत असेल, तर टेन्शनरचा दांडा संपलेला किंवा गाईड, म्हणजे चेन जिच्यावरून घासत जाते ती पट्टी, तुटलेला असण्याची शक्यता मोठी. असं ऐकलं की गाडी चालवत आणू नका, उचलून आणा.

पण थांबा. तसाच खडखडाट तेलाची पातळी खाली गेली तरी येतो, तेल चुकीच्या ग्रेडचं असलं तरी येतो. ज्या गाड्यांना डब्यासारखा गोल फिल्टर असतो, त्यात तेल परत खाली ओसरू नये म्हणून रबरी झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती निकामी असते, आणि रोज सकाळी टेन्शनर रिकामा राहतो. अल्टरनेटर बेल्टचा टेन्शनर, क्रँकची रबरी पुली आणि वॉटर पंपाचं बेअरिंगही फसवतात. बाहेरचा बेल्ट उतरवून इंजिन अगदी थोडा वेळ, काही सेकंदच, सुरू करून बघा. आवाज गेला तर तो बाहेरचा होता. मात्र वॉटर पंप त्याच बेल्टवर असतो, म्हणून लगेच बंद करा.

स्कॅनर लावला आणि पी ००१६ हा कोड दिसला, तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असं कॉम्प्युटर सांगतो आहे. यात चेन पहिली संशयित आहे, एकमेव नाही. सेन्सर, त्याची वायर, सेन्सरसमोरची चकती यांच्यामुळेही हा कोड येतो. कोड आणि आवाज दोन्ही असतील, तर मी उघडायला तयार होतो. नुसता कोड असेल, तर आधी वायरिंग बघतो.

गाडीचं नाव नको, इंजिनची ओळख घ्या

एकाच स्विफ्ट नावाखाली पेट्रोल, डिझेल आणि वेगवेगळ्या पिढ्या आहेत. एकाच १.३ मल्टिजेटचीही ७५ हॉर्सपॉवरची आणि ९० हॉर्सपॉवरची अशी दोन रूपं आहेत. शेव्हरले बीटमध्ये तर याच घराण्यातलं तीन सिलिंडरचं ९३६ सीसीचं भावंड होतं. कंपनी मध्येच पार्ट बदलते, आणि जुना नंबर जाऊन नवा नंबर येतो. म्हणून काउंटरवर सांगायच्या गोष्टी तीन.

पहिली, १७ अक्षरी चासी नंबर. आरसी बुकवर असतो आणि गाडीवर कोरलेलाही असतो. मारुतीचा एमए३ ने सुरू होतो, टाटाचा एमएटी ने, फियाट इंडियाचा एमसीए ने. आरसीवरचा आणि गाडीवरचा जुळतो का ते बघाच, जुनी गाडी घेतली असेल तर नक्की.

दुसरी, इंजिन नंबर. मारुतीच्या या डिझेल इंजिनाचा नंबर डी१३ए ने सुरू होतो, तर २०२४ च्या आधीच्या स्विफ्टच्या १.२ पेट्रोलचा के१२ ने. इंजिन कधी बदललेलं असेल, तर आरसीवर नाही, इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर खरा धरा.

तिसरी, उत्पादनाचं वर्ष आणि महिना. नोंदणीचं वर्ष नव्हे. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या वर्षी पासिंगला गेलेली असते आणि पार्टची यादी बनण्याच्या तारखेवर चालते.

या तिन्हीचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. अधिकृत पार्ट्स काउंटरवर चासी नंबर टाकला की पार्ट नंबर निघतो. तो लिहून घ्या. तिथून पार्ट घ्यायचा नसला, तरी हा नंबर तुमच्या हातात हवा, कारण पुढे कुठल्याही ब्रँडचा डबा उचलला तरी तुलना याच नंबराशी करायची आहे.

यादी: काय काय घ्यायचं

चेन, टेन्शनर, गाईड आणि स्प्रॉकेट हे चौघं एकत्र झिजतात. जुन्या टेन्शनरवर नवी चेन टाकली तर पैसा अर्धवट खर्च होतो. एक डिझायर माझ्याकडे आली होती. दुसरीकडे कुठेतरी चेन बदलून सहा-सात महिने झाले होते. कव्हर काढल्यावर चेन चकचकीत होती, पण टेन्शनर जुनाच, त्याचा दांडा बोटाने दाबला की लोण्यात गेल्यासारखा आत जात होता. हलत्या गाईडवर चेनने दोन खोल चर पाडले होते आणि त्या चरांमधून खालचा धातू दिसत होता. नखाने प्लास्टिकचा एक तुकडा सहज निघून हातात आला. त्या माणसाने पार्टमध्ये वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा मजुरीत घातले, आणि पहिली मजुरी तर गेलीच होती.

तर यादी अशी: चेन, हायड्रॉलिक टेन्शनर, टेन्शनरचा गॅस्केट असेल तर तो, हलता गाईड, स्थिर गाईड, क्रँकचं स्प्रॉकेट, कॅमचं स्प्रॉकेट. मल्टिजेटमध्ये चेन एकाच कॅमला फिरवते आणि तो कॅम दुसऱ्याला गिअरने फिरवतो, त्यामुळे कॅमचं स्प्रॉकेट एकच लागतं. त्यानंतर क्रँकचं पुढचं ऑईल सील, मॅन्युअलमध्ये नवे टाका असं लिहिलेले सगळे बोल्ट, कव्हरसाठी सिलिकॉन, ऑईल फिल्टर, तेल, आणि कूलंट सोडावं लागणार असेल तर कूलंट.

बोल्टांबद्दल दोन शब्द, कारण इथेच कंजुषी होते. क्रँक पुलीचे आणि कॅम स्प्रॉकेटचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात. ठरावीक टॉर्क, म्हणजे पिळण्याचा मोजलेला जोर, देऊन वर अंशांत फिरवले की ते कायमचे थोडे लांबतात. शिवाय अनेक इंजिनांत स्प्रॉकेटला खाच किंवा चावी नसते, ते फक्त बोल्टाच्या दाबावर धरलेलं असतं. जुना बोल्ट तेवढा दाब देऊ शकत नाही आणि स्प्रॉकेट सरकलं तर परिणाम चेन तुटल्यासारखाच होतो. काही इंजिनांत क्रँकचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो. मॅन्युअल न बघता लांब पाईप लावून जोर काढणाऱ्याला थांबवा.

स्प्रॉकेट बदलायचं की नाही, यावर मिस्त्रींमध्ये मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं: लहान स्प्रॉकेट, म्हणजे क्रँकचं, नेहमी बदलावं. त्याला दात निम्मे असतात, म्हणून त्याचा प्रत्येक दात कॅमच्या दातापेक्षा दुप्पट वेळा चेनला भेटतो. कॅमचं स्प्रॉकेट हातात घेऊन उजेडात धरा. दात दोन्ही बाजूंनी सारखे उभे असतील आणि दातांच्या मुळाशी चकचकीत खड्डे पडलेले नसतील, तर ते चालेल असं म्हणणारे चूक नाहीत. पण गाडी लाख-दीड लाख किलोमीटर झालेली असेल आणि किटमध्ये ते मिळत असेल, तर जुनं ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. झिजलेल्या दातावर नवी चेन बसवली की चेन लवकर त्याच मापाची होते.

कुठला ब्रँड, कुठून

गाडी बनवणाऱ्या कंपन्या सहसा चेन स्वतः बनवत नाहीत. जर्मनीची आयविस, शेफलरचा आयएनए ब्रँड, जपानची त्सुबाकी, बोर्गवॉर्नर अशा चेन ड्राईव्ह बनवणाऱ्या कंपन्यांकडून त्या घेतात आणि आपल्या डब्यात विकतात. शेफलरचं भारतातलं मुख्यालय पुण्यातच आहे. त्यामुळे तुमच्यासमोर तीन वाटा असतात.

गाडीच्या कंपनीचा जेन्युईन पार्ट: महाग, पण नंबर जुळला की बाकी डोकं चालवायचं नाही. इंजिन पहिल्यांदाच उघडत असाल आणि गाडी अजून पाच-सात वर्षं ठेवायची असेल, तर मी हाच सुचवतो. टेन्शनरसाठी तर आग्रहच धरतो, कारण चेनची खराबी लांबी मोजून पकडता येते, टेन्शनरच्या आतल्या झडपेची खराबी बाहेरून दिसत नाही.

मूळ पुरवठादाराच्या स्वतःच्या डब्यातला पार्ट: दर्जा त्याच तोडीचा, किंमत बहुधा कमी. मूळ पुरवठादार कोण, हे तुमची जुनी चेनच सांगते. कड्यांच्या पट्ट्यांवर आणि टेन्शनरच्या अंगावर बनवणाऱ्याची खूण असते. मोबाईलने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. तीच खूण असलेला डबा मिळाला तर निर्धास्त घ्या.

तिसरी वाट म्हणजे बिगर-मूळ ब्रँडची किट. यांत चांगलीही असतात, कामचलाऊही. एक गोष्ट लक्षात ठेवा: किटच्या डब्यावर एक नाव असलं, तरी आत चेन एकाची, गाईड दुसऱ्याचा आणि टेन्शनर तिसऱ्याचा असू शकतो. म्हणून किट उघडून प्रत्येक पार्टवरची खूण बघायची. ज्या किटमध्ये टेन्शनरवर कुणाचंच नाव नाही, ती मी माझ्या गिऱ्हाइकाच्या इंजिनात घालत नाही.

स्क्रॅपमधून काढलेली चेन किंवा टेन्शनर कितीही चांगला दिसला, तरी घेऊ नका. जुनी गाडी आहे, दोन वर्षांनी विकायचीच आहे, असं म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. ती गाडी विकत घेणारा माणूस कुटुंबाला घेऊन घाटातून जाणार आहे.

काउंटरवर डबा हातात आल्यावर

घाई करू नका. काउंटरवर गर्दी असली तरी पाच मिनिटं तुमची आहेत.

लेबल वाचा. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे पाकिटावर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा. यातलं काही नसेल, तर डबा कितीही सुंदर असला तरी ठेवून द्या. लेबलवरचा पार्ट नंबर आणि तुम्ही लिहून आणलेला नंबर अक्षर-अक्षर जुळवा. शेवटचं एक अक्षर वेगळं असेल तर दुकानदाराला विचारा. तो ‘तोच आहे, चालतो’ म्हणाला, तर नवा नंबर जुन्याच्या जागी आला आहे हे कंपनीच्या यादीत दाखवायला सांगा. चांगला दुकानदार दाखवतो.

मग चेन बाहेर काढा. दोन्ही हातांत धरून हळूहळू बोटांतून सरकवा, जपमाळ ओढावी तशी. प्रत्येक सांधा सारखा मऊ वळला पाहिजे. एखादा अडकत असेल, तर ती चेन नको. पिनांची टोकं बघा. सगळ्या एकाच मापाने, एकाच आकारात दाबलेल्या असतात. नकली चेनमध्ये एखादी पिन जास्त बाहेर आलेली, एखादी तिरपी दाबलेली दिसते. पट्ट्यांच्या कडांवर बोट फिरवा. धारदार कंगोरे लागले तर कापण्याचा साचा झिजलेला आहे.

टेन्शनर नवा असेल, तर बहुतेक वेळा दांडा आत दाबून एक बारीक पिन लावलेली असते. ती तशीच राहू द्या. काउंटरवर कुतूहल म्हणून ती ओढणारे लोक मी पाहिले आहेत. दांडा सुटतो आणि पुन्हा नीट आत बसवणं कटकटीचं होतं. गाईडचं प्लास्टिक नखाने दाबून बघा. जुन्या साठ्यातलं, उन्हात पडलेलं प्लास्टिक पांढुरकं आणि ठिसूळ दिसतं.

बिल पक्कं घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. बिलावर नुसतं ‘टायमिंग किट’ असेल, तर उद्या बदलून मागताना हातात काहीच नसतं. ऑनलाईन मागवत असाल, तर ‘फिट होतं’ या हिरव्या खुणेवर विसंबू नका. तिथेही पार्ट नंबरच बघायचा, आणि डबा उघडताना मोबाईलवर व्हिडिओ काढायचा.

बसवण्याआधी टेबलावर

जुने पार्ट निघाले की ते फेकू देऊ नका. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून जुना आणि नवा पार्ट शेजारी शेजारी मांडा.

दोन्ही चेन एका खिळ्याला एकत्र लटकवा. वरची कडी जुळवली की खाली बघा. जुनी लांब दिसेल, पण कड्यांची संख्या एकच हवी. खडूने खूण करून कड्या मोजा. एक कडी जास्त किंवा कमी असेल, तर पार्ट चुकीचा आहे. मग दोन्ही चेन आडव्या धरा, पिना उभ्या दिशेला येतील अशा. नवी चेन जवळपास सरळ राहते, जुनी धनुष्यासारखी वाकते. हे बघितल्यावर गिऱ्हाइकाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

स्प्रॉकेटचे दात मोजा. चेन थेट क्रँकवरून कॅमवर जात असेल, तर कॅमचे दात क्रँकच्या बरोबर दुप्पट असायला हवेत. जाडी, मधलं भोक आणि खाच कॅलिपरने तपासा. गाईडची लांबी, वळण आणि बोल्टाची भोकं एकावर एक ठेवून बघा. टेन्शनरवरचं तेलाचं भोक जुन्याच्याच जागी आहे का, हे मी नेहमी काडी घालून बघतो. भोक इकडे-तिकडे असेल, तर टेन्शनरला तेलच मिळणार नाही.

काम कुणी करायचं, हाही निवडीचाच भाग आहे. मल्टिजेटला कॅम आणि फ्लायव्हील जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉक पिना लागतात. मिस्त्रीला विचारा, लॉक किट आहे का. ‘मार्करने खुणा करून बसवतो’ असं उत्तर आलं, तर दुसरा मिस्त्री बघा. टॉर्क रेंच आहे का, हेही विचारा.

मल्टिजेटचा ऑईल पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्येच असतो आणि तो थेट क्रँकवर फिरतो. त्यामुळे कव्हर काढलंच आहे, तर पंपाच्या आतली बाजू बघून घ्या. खोल ओरखडे असतील, तर नवी चेन कमी दाबाच्या तेलावर चालणार आणि वर्षभरात पुन्हा वाजणार. चेंबर उतरवा, तळाचा गाळ आणि तुटलेल्या गाईडचे तुकडे काढा, तेल ओढणारी जाळी धुवा. हे केलं नाही, तर आधीच्या गाईडचा प्लास्टिकचा तुकडा नव्या चेनचं तेल अडवतो. कव्हर लावताना सिलिकॉनचा पातळ, अखंड दोरा पुरतो. लोणी फासल्यासारखं लावलं, तर आत पिळून निघालेला तुकडा तीच जाळी बंद करतो.

सगळं बसल्यावर, लॉक पिना काढून, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेने. उलटं फिरवायचं नाही, कारण तेलाचा दाब नसताना टेन्शनर मागे सरकतो आणि चेन दात सोडू शकते. दोन फेऱ्यांनंतर लॉक पिना पुन्हा सहज बसल्या पाहिजेत. मध्ये कुठे कडक लागलं, तर जोर लावू नका, पुन्हा उघडा. ज्या इंजिनांत चेनवर रंगीत कड्या असतात, तिथे फिरवल्यानंतर त्या कड्या खुणांवर दिसत नाहीत म्हणून लोक घाबरतात. त्या अनेक फेऱ्यांनंतरच पुन्हा जुळतात. स्प्रॉकेटच्या खुणा मात्र दोन फेऱ्यांनी जागेवर यायलाच हव्यात.

टेन्शनरची पिन काढली का, हे दोन माणसांनी बघावं. नवं तेल-फिल्टर घालून, इंजिन सुरू होणार नाही अशा रीतीने थोडं थोडं स्टार्टरवर फिरवून तेल चढवा. मग सुरू करा. पहिल्या क्षणी थोडा आवाज येईल, ऑईलचा दिवा विझेल आणि आवाज थांबेल. ॲक्सिलरेटर द्यायचा नाही.

पेट्रोल गाडीसाठी एक भर

के१२ सारख्या ज्या पेट्रोल इंजिनांत व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी सोय आहे, तिथे कॅमचं स्प्रॉकेट साधं नसतं. त्यात तेलाच्या दाबाने फिरणारी यंत्रणा असते आणि ते एकटंच बाकी किटइतकं महाग असू शकतं. ते सरसकट बदलू नका. सुरू होताना कॅमच्या बाजूने कर्रर्र असा छोटा आवाज येत असेल, किंवा हातात धरून हलवल्यावर लॉक असतानाही खेळत असेल, तरच बदला. आधी तेलाचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्याची बारीक जाळी साफ करून बघा.

काम झाल्यावर

नव्या चेनचं पहिलं तेल मी हजार किलोमीटरवर बदलायला सांगतो. कंपनीच्या पुस्तकात हे नसतं, पण चेंबर कितीही धुतला तरी काही गाळ सुटतोच आणि तो पहिल्याच तेलाबरोबर निघून जावा असं मला वाटतं. पुढे पुस्तकात दिलेल्या अंतरापेक्षा कधीही उशीर नको. शहरात रोज पाच-सहा किलोमीटरच चालणारी गाडी असेल, तर किलोमीटर भरायची वाट न बघता महिन्यांवर चाला. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून बघा.

जुने पार्ट मी पिशवीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतो, बिलाची झेरॉक्स त्याच पिशवीत घालतो, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि टेन्शनरचा पार्ट नंबर लिहून ठेवतो. पुढच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं की त्याला ते लगेच दिसतं.